चव बिघडली, तर आधी मडकं तपासा

पालघरपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर ताडीला नको तो वास यायला लागला की दोष आधी झाडावर येतो. त्या ताडाचा रस यंदा बरा नाही असं ठरतं आणि तो ताड सोडून दुसरा धरला जातो. बोईसर-तारापूरच्या बाजूला असलात तर कारखान्यांच्या धुराकडेही बोट जातं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये घरी हौसेने बिअर करणारी मंडळी याच वाटेने जातात. चव बिघडली की माल्ट बदलतात, हॉप्स बदलतात, यीस्टचं महागातलं पाकीट आणतात, आणि पुढच्या खेपेला तोच वास पुन्हा हजर असतो. एखाद्या वेळेचा बिघाड कच्च्या मालातून आलेला असू शकतो. पण खेपेमागून खेप तोच दोष येत असेल तर तो जवळजवळ नेहमी भांड्यात, वेळेत किंवा उष्णतेत असतो. झाड बदलून तो जात नाही, कारण मडकं तेच राहतं.

बिअरचा विषय ताडीपाशी आणायला सबळ कारण आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. ताडाची झाडं छेदायला आणि ताडी विकायलाही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. ब्रिटनने घरच्या बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली काढली, अमेरिकेने १९७८च्या कायद्याने बिअर घरात करू दिली, आणि तिथे या छंदाभोवती चव तपासण्याचं मोठं शास्त्र उभं राहिलं. आपल्याकडे पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली, तेव्हा राज्याला पहिली मायक्रोब्रुअरी मिळाली. पण आंबवण्याची रोजची, जिवंत परंपरा पाहायची तर ती केळवे, माहीम, चिंचणी, बोर्डी अशा गावांतल्या ताडांच्या शेंड्यावर आहे. बिअर आंबवणारा आणि ताडी आंबवणारा मुख्य यीस्ट एकाच जातीचा, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. मद्यार्काचं प्रमाणही जवळपास सारखं, साधारण ४ ते ५ टक्के. म्हणून बिअरवाल्यांनी शंभर-दीडशे वर्षांत जे शिकून घेतलं, ते ताडीवाल्याच्या थेट कामाचं आहे. आणि ताडीवाल्याला जे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यातलं बरंच बिअरवाल्याने शिकण्यासारखं आहे.

आधी रस कसा असतो ते पाहू. ताडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीला ताडगोळे लागतात, रस दोघांतूनही निघतो. कोवळा फुलोरा बांधून, दाबून, हलके ठोकून त्याचं टोक रोज पातळ कापत राहतात आणि खाली मडकं अडकवतात. ताडाचा मोसम साधारण हिवाळा संपताना सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. शिंदीचं, म्हणजे रानखजुरीचं, गणित वेगळं. तिथे शेंड्याजवळच्या खोडालाच खाच देतात आणि काम थंडीत चालतं. ताजा रस जवळपास पारदर्शक असतो, त्यात १० ते १५ टक्के साखर असते आणि ती बहुतेक सगळी उसाच्याच जातीची, म्हणजे सुक्रोज. आंबटपणा नाहीच. सामू सातच्या आसपास, अगदी साध्या पाण्यासारखा. जंतूंच्या दृष्टीने याहून चांगलं जेवण नाही: साखर भरपूर, आम्ल नाही, वर तीस अंशांची ऊब.

बिअर आणि ताडी यांच्यातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. बिअरचं गोड पाणी तासभर उकळतात. त्यात जे काही जिवंत असेल ते मरतं, मग ते गार करून त्यात निवडलेला एकच यीस्ट सोडतात. ताडीचा रस उकळत नाहीत. तो झाडावरच, उघड्या हवेत, थेंबाथेंबाने मडक्यात पडतो आणि पडतानाच आंबू लागतो. बिअरमध्ये बाहेरचा जंतू शिरला तर तो घुसखोर. ताडीत बाहेरचे जंतू हीच मजूर मंडळी आहेत. त्यामुळे ताडीचा दोष शोधताना 'जंतू शिरला का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. कोण आधी आला, कोणाला किती वेळ मिळाला आणि कोणाला हवा मिळाली, हे विचारावं लागतं.

या पाळ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या काही तासांत लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू जोर धरतात, ल्यूकोनोस्टॉक आणि लॅक्टोबॅसिलस. ते रसाला किंचित आंबट करतात. त्या आंबटपणात बाकीचे बरेचसे उपद्रवी जंतू तग धरत नाहीत, यीस्ट मात्र धरतो. मग यीस्टची पाळी येते. फेस येतो, मद्यार्क वाढतो, रस दुधासारखा पांढरा होतो. हा पांढरेपणा म्हणजे रसात तरंगणारे कोट्यवधी यीस्ट आणि जीवाणूच. पहाटे उतरवलेली ताडी दुपारी चांगली लागते ती याच काळात. संध्याकाळ उलटली, दुसरा दिवस उजाडला की ॲसिटोबॅक्टर मद्यार्काचा सिरका करायला घेतो. त्याला हवा लागते, हवेशिवाय तो जवळपास थांबतो.

म्हणून ताडी 'आंबट झाली' एवढ्यावर थांबलं तर काहीच कळत नाही. ताकासारखा, जिभेच्या कडांना जाणवणारा, वास नसलेला आंबटपणा लॅक्टिक जीवाणूंचा. तो फार लवकर, फार जास्त आला असेल तर पहिल्या पाळीला वेळ जास्त मिळाला आहे. म्हणजे मडक्यात यीस्ट कमी होता किंवा ऊन फार होतं. याउलट नाकात झणका मारणारा, घशाला लागणारा आंबटपणा सिरक्याचा. तो सकाळीच जाणवत असेल तर आदल्या दिवसाची ताडी मडक्यात उरली आहे, किंवा भांडं अर्धवट भरून तोंड उघडं राहतं आहे. पहिल्या दोषावर मडकं झाकून फायदा नाही, दुसऱ्यावर यीस्ट वाढवून फायदा नाही. चवीचं नाव चुकलं की उपायही चुकीच्या जागी पडतो.

काही दोष तर नाकाला अगदी ओळखीचे असतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधं, रंग, रसायनं यांचे कारखाने आहेत, आणि तिथे काम करणाऱ्याला थिनरचा वास कोणी शिकवावा लागत नाही. तोच वास ताडीत किंवा घरच्या बिअरमध्ये आला तर तो इथिल ॲसिटेट. थोडा असला तर फळासारखा वाटतो, वाढला की रंगाच्या दुकानात उभं राहिल्यासारखं होतं. तो कारखान्यातून उडून आलेला नसतो. रानटी यीस्ट तो करतात. त्यातला एक लिंबाच्या आकाराचा यीस्ट शास्त्रज्ञांच्या फार जुन्या ओळखीचा आहे. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हान्सेनने १८८१च्या सुमारास दाखवलं की हा यीस्ट पिकलेल्या फळांवर वाढतो आणि हिवाळाभर फळझाडांखालच्या मातीत दबा धरून बसतो. डहाणू-घोलवड भागात ताडाच्या शेजारी चिकूच्या बागा आहेत. त्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बागेत गळून फुटलेली पिकली फळं आणि त्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांचा थवा डोळ्यांसमोर आणा. तीच चिलटं, त्याच गांधीलमाश्या गोड वासावर ताडाच्या मडक्यात उतरतात आणि पायांवरून रानटी यीस्ट आणतात. मडक्याच्या तोंडाला बारीक जाळी किंवा कापड बांधलं आणि झाडाखालची सडकी फळं उचलली, तर थिनरचा वास कमी होण्याची चांगली शक्यता आहे. झाड तेच ठेवूनही.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. बिअरमध्ये तो बहुधा यीस्ट उपाशी राहिल्याने येतो. साखर भरपूर पण नत्र कमी, अशी अवस्था. नुकत्याच आंबणाऱ्या द्रवात तो थोडा असणं नैसर्गिक आहे आणि फेसाबरोबर उडून जातो. टिकून राहिला तरच काळजी करायची. कच्च्या सफरचंदाच्या सालीसारखा वास ॲसिटाल्डिहाइडचा. बिअरमध्ये त्याचा अर्थ घाई झाली: यीस्टचं काम संपण्याआधी बाटल्या भरल्या. ताडीत तो बऱ्याचदा झायमोमोनास नावाच्या जीवाणूचा असतो. इंग्लंडच्या बिअरवाल्यांनी आणि सफरचंदाची साइडर करणाऱ्यांनी या जीवाणूला शत्रू मानलं. पण ताडीत आणि मेक्सिकोच्या पुल्केमध्ये तोच मद्यार्क करणारा भरवशाचा कामकरी आहे. दोन परंपरांची चवीची कल्पना वेगळी, म्हणून एकीचा दोष दुसरीचा गुण होतो. ताडी बिअरसारखी 'स्वच्छ' लागली पाहिजे असा आग्रह मी धरणार नाही. तशी ताडी कोणाला आवडणारही नाही.

लोणी किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा वास डायअ‍ॅसिटिलचा. लीटरमागे एक मिलिग्रॅमचा दहावा भागही माणसाच्या जिभेला जाणवतो. बिअरमध्ये याचे उगम दोन, आणि ते वेगळे करायची एक युक्ती आहे. नमुना बंद बाटलीत घालून साठ अंशांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, गार करायचा आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून हुंगायचा. तापवलेल्याला लोण्याचा वास वाढला तर यीस्टचं काम अर्धवट आहे. त्याला थोड्या उबेत दोन-तीन दिवस जास्त दिले की यीस्ट तो वास स्वतःच खाऊन टाकतो. पण वेळ देऊनही वास जात नसेल, उलट बाटलीत वाढत असेल, तर उगम जीवाणूंत आहे, आणि ते नळीत, तोटीत किंवा प्लास्टिकच्या ओरखड्यांत बसले आहेत. ताडी उतरवल्यावर ती ज्या प्लास्टिकच्या कॅनमधून दुकानापर्यंत जाते, त्या कॅनलाही हेच लागू आहे. निमुळत्या तोंडाच्या कॅनमध्ये हात जात नाही, घासलं तर ओरखडे पडतात, ओरखड्यांत ब्रश पोहोचत नाही. जुना कॅन धुण्यापेक्षा फेकणं स्वस्त पडतं.

आता मडक्याकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. भाजलेल्या मातीचं मडकं सच्छिद्र असतं. त्या छिद्रांत कालचे जंतू आज जिवंत असतात, आणि चांगल्या ताडीवाल्याला तेच हवं असतं. तो मडक्यात घोटभर जुनी ताडी मुद्दाम ठेवतो, दह्याला विरजण लावावं तशी. रोज तीच मंडळी पुढे जातात, म्हणून त्याच्या ताडीची चव रोज सारखी येते. पण विरजण बिघडलं की दही रोज बिघडतं. मडक्यातल्या मंडळींचा तोल एकदा ढळला, सिरक्याचे जीवाणू किंवा रानटी यीस्ट वरचढ झाले, की मडकं रोज तोच दोष नव्या रसाला देत राहतं. झाड बदला, गाव बदला, दोष मडक्याबरोबर प्रवास करतो.

कार्ल्सबर्गच्या कारखान्यात १८८३ साली नेमकं हेच घडलं होतं. बिअरला घाणेरडा वास आणि कडवटपणा येऊ लागला होता, आणि तो खेपेमागून खेप येत होता, कारण प्रत्येक खेपेचा तळाचा यीस्ट पुढच्या खेपेला वापरला जात होता. लुई पाश्चरने १८७६च्या आपल्या पुस्तकात बिअरच्या रोगांचं खापर जीवाणूंवर फोडलं होतं आणि ते बऱ्याच अंशी बरोबर होतं. हान्सेनने त्यापलीकडे जाऊन दाखवलं की बिअरला आजारी पाडणारे काही जंतू यीस्टच असतात, फक्त चुकीच्या जातीचे. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात. त्याने एकेक पेशी वेगळी करून वाढवली, कोणती चांगली बिअर देते ते पाहिलं आणि तेवढीच ठेवली. शुद्ध यीस्टवर चालणारा बिअरचा धंदा तिथून सुरू झाला. कार्ल्सबर्गने हा यीस्ट गुपित ठेवला नाही, मागेल त्याला दिला. या कथेतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की हान्सेनने जव बदलले नाहीत, पाणी बदललं नाही. खेपेकडून खेपेकडे काय जातं आहे, ते त्याने शोधलं.

ताडीवाल्याने एकेक पेशी वेगळी करायची गरज नाही. त्याच्याकडे सोपा मार्ग आहे. ज्याची ताडी चांगली लागते अशा शेजाऱ्याकडून घोटभर ताजी ताडी आणायची आणि नव्या मडक्यात तिची सुरुवात करायची. जुनं मडकं ठेवायचंच असेल तर ते घासून, कडकडीत पाण्याने धुऊन, उपडं घालून भर उन्हात पूर्ण कोरडं होईपर्यंत ठेवायचं. बंगालात शिंदीचा रस काढणारे मडक्याला आतून धूर देतात, तोही उपाय जुना आणि समजूतदार आहे. क्रम मात्र पाळावा लागतो. आधी मळ काढायचा, मग जंतू मारायचे. मळाच्या थराखाली बसलेल्या जंतूला ना ऊन लागतं ना औषध.

नीरेच्या, म्हणजे न आंबवलेल्या रसाच्या, बाबतीत असाच एक थर फसवतो. रस गोडच राहावा म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. ताजा चुना रसाला इतका अल्कधर्मी करतो की जंतू वाढू शकत नाहीत. पण चुना हवेतला आणि आंबण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खडू होतो, आणि खडूत ती ताकद नसते. मडकं आतून पांढरंशुभ्र दिसतं, माणसाला वाटतं चुना आहे, आणि नीरा सकाळी आठलाच आंबट लागते. जुन्या थरावर नवा चुना चढवत गेलं तर मधल्या भेगांत जंतूंना बिऱ्हाड मिळतं. जुना थर सिरक्याने विरघळतो. तो काढून, धुऊन, मग दररोज ताजा चुना लावायला हवा. आणि बेताने. जास्त झाला तर जिभेवर साबणासारखा गुळगुळीतपणा येतो. ती चव आली तर जंतू नव्हे, लावणाऱ्याचा हात सैल आहे.

धुण्याच्या पाण्याचाही एक दोष आहे आणि बोईसरकडे तो ध्यानात ठेवावा असा आहे. वसाहतीला सूर्या नदीचं पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून येतं. गावात विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. पिण्यासाठी ते योग्यच आहे. पण बिअरमध्ये क्लोरीनची गाठ माल्टमधल्या किंवा यीस्टने केलेल्या फिनॉलांशी पडली की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि त्यांचा वास दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा किंवा जखमेवरच्या पट्टीसारखा येतो. अब्जात काही भाग एवढ्यानेही बिअर हातची जाते. हा दोष वेळ देऊन जात नाही, उकळून जात नाही. घरी बिअर करणाऱ्यांच्या चिवट तक्रारींत याचा वाटा मोठा आहे, कारण बहुतेकांना वाटतं की ब्लीचिंगने धुतलं म्हणजे काम चोख झालं. भांडं ब्लीचिंगने धुतलं असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळायला हवं. मातीच्या मडक्याला तर टीसीएल लावूच नये, छिद्रांत गेलेलं क्लोरीन सहज सुटत नाही. पाण्यातला साधा क्लोरीन रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवून किंवा उकळून निघून जातो.

आता उष्णता. बिअरचा नेहमीचा एल यीस्ट १८ ते २२ अंशांत बरा वागतो. बोईसरच्या मे महिन्यात घरातच ३२-३३ अंश असतात. तेवढ्यात तो यीस्ट घाई करतो आणि जड मद्यार्क तयार करतो. घशाला जळजळ आणि स्पिरिटसारखा तिखटपणा ही त्याची लक्षणं. बाकी काहीही नीट केलं तरी हा दोष जात नाही. ताडीचे यीस्ट मात्र याच हवेत वाढलेले आहेत, त्यांना तिशीतली ऊब मानवते. पश्चिम नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी घरोघर सांभाळलेला क्वाइक नावाचा यीस्टही असाच, ३५-४० अंशांत स्वच्छ काम करतो. गरम देशात यंत्राने थंडावा करत बसण्यापेक्षा गरमीत नीट वागणारा यीस्ट शोधणं शहाणपणाचं आहे, आणि आपल्या ताडांवर तो शोधायला भरपूर वाव आहे. कुणा विद्यापीठाने किनाऱ्यावरच्या ताडीतले यीस्ट गावागावांतून गोळा करून नीट अभ्यासावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. छेदणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि मडकं कोरडं पडलं की त्यातली पिढ्यांची निवडही संपते.

कारखान्यांच्या धुराबद्दल शंका घेणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. तारापूरच्या प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तो राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि मासेमारी करणाऱ्यांचं नुकसान नोंदवून घ्यायला लावलं. पण प्रदूषण खरं आहे म्हणून प्रत्येक वास त्यातून आला असं होत नाही, आणि हे घरच्या घरी तपासता येतं. एकाच ताडाचा, एकाच वेळचा रस दोन भांड्यांत घ्यायचा: एक नेहमीचं मडकं, दुसरं उकळत्या पाण्याने धुतलेली नवी काचेची बरणी. दोन्ही शेजारी, झाकून ठेवायची. बरणीतल्या रसाला वास नाही आणि मडक्यातल्याला आहे, तर झाड आणि हवा दोन्ही सुटले. दोन्हींत सारखाच वास असेल तर मग वर बघायचं, आणि तेव्हा पाणी-माती तपासून घेण्याचा आग्रहही धरायचा.

चाखतानाही शिस्त हवी. ज्याने बदल केला त्यालाच फरक जाणवतो, हा माणसाचा स्वभाव आहे. तीन पेले भरायचे, दोनांत एकच ताडी, तिसऱ्यात वेगळी, आणि ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला विचारायचं की वेगळा कोणता. ओळखता आला नाही तर फरक नाहीच. जगभरचे बिअरचे कारखाने हीच चाचणी करतात आणि तिला खर्च शून्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मडकं, झाकण आणि उतरवायची वेळ एकाच दिवशी बदलली तर ताडी सुधारेल कदाचित, पण कशाने ते कळणार नाही आणि दोष परत येईल तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. चवीचा दोष आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंबट, थिनरसारखी, अंड्याच्या वासाची ताडी बेचव असेल, पण आम्ल आणि मद्यार्क यांमुळे तिच्यात रोगजंतू सहसा वाढत नाहीत. उलट खरं विष जिभेला कळत नाही. मुंबईतल्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलने, आणि मिथेनॉलची चव प्यायच्या मद्यार्कापेक्षा वेगळी ओळखू येत नाही. ताडीच्या धंद्यात बिघाड शोधण्याऐवजी तो झाकण्याची वाईट पद्धत शिरली आहे. आंबटपणा लपवायला सॅकरिन, नशा आणायला क्लोरल हायड्रेट. क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध आहे, मद्यार्काबरोबर पोटात गेलं तर श्वास मंदावतो आणि माणूस मरू शकतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला मिळणारी ताडी मधासारखी गोड लागली तर तिच्यावर संशय घ्या. पहाटेच्या रसातली साखर तोपर्यंत यीस्टने खाल्लेली असायला हवी. कच्च्या रसाचीही एक काळजी आहे. बांगलादेशात शिंदीचा कच्चा रस वटवाघळांनी चाटल्याने निपाहची लागण माणसांना झाली. तोंडाला जाळी हवी त्याचं हेही एक कारण.

रस गोड ठेवण्याचे मार्ग आता चुन्यापलीकडे गेले आहेत. कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने नारळाच्या पोयीतला रस बर्फाच्या पेटीत गोळा करायची पद्धत काढली. चुना नाही, जंतू थंडीनेच थोपतात. आपल्याकडे डहाणूला खादी ग्रामोद्योग आयोगाचं गजानन नाईक यांच्या नावाचं प्रशिक्षण केंद्र आहे. आयोगाने जून २०२०मध्ये डहाणूत नीरा आणि ताडगूळ करणाऱ्या २०० कारागिरांना प्रशिक्षण देऊन साधनं वाटली. त्यांत स्टेनलेस स्टीलच्या कढया होत्या, आणि चवीच्या दृष्टीने मला तीच मोठी गोष्ट वाटते, कारण स्टीलला छिद्रं नसतात. बोर्डीत 'हिल झिल'ने चिकूची वाइन बाजारात आणली. रसाचं फळ तेच, हवा तीच, फक्त भांडं, वेळ आणि तापमान हातात घेतलेलं.

आणि तरीही एखादं मडकं सिरक्याकडे गेलंच, तर ते ओतून देऊ नका. थिनरचा किंवा औषधाचा वास नसेल, फक्त स्वच्छ झणका असेल, तर रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत कापड बांधून सावलीत ठेवा. काही आठवड्यांत चांगला सिरका होतो. गोव्यात विंदालू आणि सोरपोतेल अशाच, माडाच्या ताडीच्या सिरक्यावर होतात. बरणी मात्र ताडीच्या मडक्यांपासून लांब, घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. तिच्यातले जीवाणू हवेतून आणि चिलटांच्या पायांवरून चालत येतात.